मामांच्या ट्रकला ‘डबा’ घ्यावा की फोन?

(या भागाचा लिखित मजकूर. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, किंवा रेंजमुळे भाग मध्येच अडकतो, त्यांच्यासाठी. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जरा कमी केलेत, बाकी जसं बोललो तसं.)

आजचा विषय आहे ट्रकवाल्यांसाठी स्वस्तातलं नेव्हिगेशन. तुम्ही म्हणाल, आम्ही कुठं ट्रक चालवतो? तुम्ही नसाल चालवत. पण आपल्याकडे खंडाळ्यात, शिरवळला, लोणंदला दर चार-दोन घरांमागे कोणीतरी गाडीवर आहेच. वडील, काका, मामा, शेजारचे दादा. आणि त्यांच्या फोनमध्ये काही बिघडलं की तो कोणाच्या हातात येतो? तुमच्याच. म्हणून हा भाग तुमच्यासाठी.

आणि हो, खंडाळा म्हणजे आपला साताऱ्याचा, खंबाटकीच्या पायथ्याचा. लोणावळ्याजवळचा, गाण्यातला, तो नाही. हा गोंधळ लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

झालं काय होतं

माझे मामा दहा टायरी चालवतात. गाडी मालकाची, मामा ड्रायव्हर. वीसेक वर्षं पुणे-बंगळूर लाइनला. त्या रस्त्यावर त्यांना मॅप लागत नाही, उलट मॅपनं त्यांना विचारावं अशी परिस्थिती. पण गेल्या पावसाळ्यात त्यांना पहिल्यांदाच महाड एमआयडीसीचा माल मिळाला. कोकणात ते कधी गेले नव्हते. फोनवर महाड टाकलं, फोननं रस्ता दाखवला: शिरवळ, भोर, वरंध घाट, महाड. शंभरेक किलोमीटर. मामा खूश. संध्याकाळी निघाले.

आता ज्यांना माहीत आहे त्यांनी इथंच कपाळाला हात लावला असेल. वरंध घाट म्हणजे अरुंद रस्ता, एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी. पावसाळ्यात तिथं दरडी येतात, आणि अवजड वाहनांना तो बंद ठेवण्याचे आदेश निघतात. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत त्या भागातल्या घाटांचं काय झालं होतं ते आठवत असेल. पण फोनला मामा काय चालवतायत हे माहीतच नव्हतं. त्याच्या हिशोबानं ती एक कार होती.

भोर ओलांडून नीरा-देवघर धरणाच्या कडेकडेनं मामा हिर्डोशीच्या पुढे गेले. अंधार, पाऊस, रेंज गायब. समोरून आलेल्या एका जीपवाल्यानं थांबवलं आणि सांगितलं, पुढे मोठी गाडी जात नाही, बंद आहे. वळवायला जागा नाही. मामांनी जवळजवळ अर्धा किलोमीटर गाडी रिव्हर्स घेतली. क्लीनर पोरगं मागे मोबाइलची टॉर्च घेऊन पावसात चालतंय, आणि डाव्या अंगाला खाली धरणाचं पाणी. एका ठिकाणी मागचं चाक कडेच्या मातीत उतरलं. मामा म्हणाले, “तवा मी देवाचं नाव बी घेतलं न्हाय. निस्ता ब्रेक दाबून बसलो.”

चाक निघालं. रात्र गाडीतच काढली, उजाडल्यावर परत फिरले, कराड-पाटण-कुंभार्ली-चिपळूण असं करत महाडला पोचले. अंतर अडीच-तीन पट. जादाचं डिझेल आणि वाया गेलेला दिवस मालकानं मामांच्या हिशोबातून कापला. घरी आल्यावर मामा मला म्हणाले, “लेका, तू शिकल्याला हायस. मला त्यो ट्रकवाल्यांचा खास डबा घिऊन दे. धा-पंधरा हजार गेलं तरी चालंल, पर परत त्या दरीच्या कडंला जायचं न्हाय.”

तर मी शोधायला लागलो. जे सापडलं ते सांगतो.

बाजारात काय काय मिळतं

पहिला प्रकार, खराखुरा ट्रकचा डबा. गार्मिन कंपनीची डेझल नावाची मालिका आहे, ती खास ट्रकसाठीच. गाडीची उंची, वजन, लांबी भरायची, मग तो खालचे पूल आणि वजनाची बंदी असलेले रस्ते टाळतो. ऐकायला अगदी मामांना हवं तेच. पण ती किंमत कित्येक शे डॉलरमध्ये असते, आणि त्याची सगळी ताकद आहे अमेरिका-युरोपच्या नकाशात. तिकडे कोणत्या पुलाखालून किती उंचीची गाडी जाते हे नकाशात भरलेलं असतं. आपल्या वरंध घाटाचा या आठवड्याचा आदेश त्यात कोण भरणार? डबा तोच, पण आत माहितीच नसेल तर तो महागडा टीव्हीच की.

दुसरा प्रकार, अँड्रॉइड स्टिरिओ. सात-नऊ इंची स्क्रीन, गाणी, मॅप, मागचा कॅमेरा. दिसायला भारी. पण आत ॲप तेच असतं जे तुमच्या फोनमध्ये आहे. म्हणजे रस्ता तोच दाखवणार. वर आणखी एक भानगड. हे स्टिरिओ बहुतेक कारसाठी बनवलेले, १२ व्होल्टचे. मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. मग काही इलेक्ट्रिशियन काय करतात, दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर काढून देतात. चालतं तेव्हा मस्त. पण ती एक बॅटरी रोज जास्त उतरते, दुसरी जास्त चार्ज होते, आणि काही महिन्यांत दोन्ही जातात. लावायचाच असेल तर २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर मधे घाला.

तिसरा प्रकार, जीपीएस ट्रॅकर. खूप जणांचा इथं घोळ होतो. दुकानदार ‘ट्रकचा जीपीएस’ म्हणून हेच देतो. ही एक छोटी काळी डबी असते, तिला स्क्रीनच नसते. गाडी कुठं आहे हे ती मालकाला सांगते. ड्रायव्हरला कुठं जायचं हे नाही सांगत. चोरीच्या दृष्टीनं उपयोगी आहे, पण मामांच्या प्रश्नाचं उत्तर नाही.

चौथा प्रकार, फोन. जो आहेच.

मग फोनच का चुकला?

कारण आपण रोज वापरतो ती ॲप कारचा विचार करतात. गूगल मॅप्सनं २०१७ मध्ये दुचाकीसाठी वेगळा मोड आणला, तो पहिल्यांदा भारतातच. पण ट्रकचा मोड आपल्याला त्यात दिसत नाही. कार, बाइक, बस-रेल्वे, पायी. दहा टायरी कुठंच नाही.

याचे दोन परिणाम होतात. एक, रस्ता कारचा मिळतो. दुसरा परिणाम कोणी बोलत नाही: वेळही कारचाच मिळतो. चार पदरी हायवेवर कारला १०० ची मर्यादा, मालगाडीला ८० ची. आणि भरलेली गाडी खंबाटकी चढताना कशी चढते हे आपण लहानपणापासून बघतोय, शेजारून चालत गेलं तरी गप्पा मारता येतील. ॲप म्हणतं दहाला पोचाल. मालक तोच आकडा धरून बसतो. ड्रायव्हर तो आकडा गाठायला उतारावर गाडी सोडतो. तर घरच्यांनो आणि मालकांनो, ॲपचा वेळ हा ट्रकचा वेळ नाही. मी आता मामांसाठी सरळ दीडपट धरतो, घाट असेल तर त्याहून जास्त.

ट्रकचा विचार करणारं स्वस्तातलं ॲप आहे का? आहे. ऑस्मअँड नावाचं ॲप आहे, ते ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावर चालतं. त्यात ट्रक निवडून उंची आणि वजन भरता येतं, आणि नकाशा डाउनलोड केला की इंटरनेटशिवाय चालतं. फुकट आवृत्तीत मोजकेच नकाशे उतरवता येतात, पण आपल्याला तेवढे पुरतात. अडचण एवढीच की तो नकाशा लोकांनी भरलेला आहे. एखाद्या भुयारी मार्गाची उंची कोणीतरी तिथं लिहिली असेल तर ॲप टाळेल, नसेल लिहिली तर नाही टाळणार. मॅपमायइंडियाचं मॅपल्स हेही टाकून ठेवा. आपल्या देशातलं आहे, आणि स्पीड ब्रेकर, खड्डे, तीव्र वळणं यांच्या सूचना देतं.

पण मंडळी, कोणतंही ॲप घ्या, आज रात्री घाट सुरू आहे का हे ते खात्रीनं सांगेलच असं नाही. जानेवारी २०२१ मध्ये नगर जिल्ह्यात अकोल्याकडे, कोतूळजवळ, पुण्याहून निघालेली एक कार मॅपच्या भरवशावर रात्री थेट पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली. एक जण बुडाला. नकाशात पूल होता. त्यावर पाणी आलंय हे नकाशाला माहीत नव्हतं.

मला जे उमगलं ते असं. मामांना नवा डबा नको होता. त्यांना आधी केलेली अर्ध्या तासाची तयारी हवी होती, आणि ती करणारा माणूस घरात होता. मीच होतो. मी त्या संध्याकाळी घरी रील्स बघत बसलो होतो.

आम्ही काय बसवलं, खर्चासकट

एक, दुसरा फोन. घरात आईचा जुना फोन पडून होता. स्क्रीनला कोपऱ्यात तडा होता, पण जीपीएस चांगलं. दुसरा फोन का? कारण मामांच्या मुख्य फोनवर दर पंधरा मिनिटाला मालकाचा, दलालाचा, मामीचा कॉल येतो आणि नेमका फाट्यावर मॅप झाकला जातो. या फोनमध्ये व्हॉट्सॲप नाही, गेम नाही, फक्त मॅप. जुना फोन नसेल तर सेकंडहँड बघा, चार-पाच हजारांत काम होतं. घेताना एकच परीक्षा: दुकानाच्या बाहेर उघड्यावर या, मॅप लावा, शंभर पावलं चाला. निळा ठिपका तुमच्याबरोबर सरळ चालला पाहिजे. उड्या मारत असेल तर तो फोन नको.

लक्षात घ्या, जागा ओळखायला फोनला इंटरनेट लागत नाही. उपग्रहांकडून येणारे सिग्नल तो नुसते ऐकतो. इंटरनेट लागतं ते नकाशा आणि ट्रॅफिकसाठी. म्हणून नकाशा आधीच घरच्या वायफायवर उतरवून ठेवायचा. घाटात रेंज गेली तरी ठिपका आणि रस्ता दोन्ही राहतात. ट्रॅफिक दिसत नाही, एवढंच.

दोन, चार्जर. इथं कंजुषी नको. पाकिटावर ‘१२-२४ व्होल्ट’ असं लिहिलेलाच घ्या. नुसता १२ चा स्वस्त चार्जर ट्रकला लावला तर तो जळतो, कधी कधी फोनलाही घेऊन जातो. आम्हाला साडेचारशेला पडला.

तीन, होल्डर. काचेला चिकटणारा रबरी नको. उन्हात त्याची पकड सुटते आणि फोन नेमका ब्रेकच्या पायाशी पडतो. आम्ही स्क्रूनं आवळायचा घेतला, सहाशे रुपये. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला, खालच्या अंगाला, समोरची काच अडणार नाही असा बसवला. आणखी एक फायदा, तिथं थेट ऊन येत नाही. मामांची गाडी जुनी, केबिनला एसी नाही. २०२५ मध्ये नव्यानं बनणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, पण जुन्या गाड्या अजून कितीतरी वर्षं पळणार. मे महिन्यात काचेखाली ठेवलेला फोन तापून बंद पडतो, तेही ऐन वेळी.

चार, आवाज. मॅपची भाषा मराठी केली, आवाज पूर्ण मोठा केला. स्क्रीन बघायची नाही, ऐकायची.

म्हणजे खर्च झाला हजार-पन्नास रुपये. मामांचे धा-पंधरा हजार वाचले. त्यातून त्यांनी पुढचे दोन टायर रिमोल्डऐवजी नवे घेतले, आणि मला वाटतं तो जास्त चांगला खर्च होता.

निघायच्या आधीचा अर्धा तास

हे तुमचं काम आहे. माल ठरला की मामा मला पत्ता पाठवतात आणि मी पुढच्या गोष्टी करतो.

आधी पत्ता. नुसतं गावाचं नाव टाकायचं नाही. खंडाळा टाकलं की साताऱ्याचा येईल, लोणावळ्याचा येईल, तिकडे वैजापूर तालुक्यातला येईल, रत्नागिरीत जयगडच्या वाटेवर एक आहे तोही येईल. सोबत पिनकोड टाका. आपल्या खंडाळ्याचा ४१२८०२. पिनकोडचं महत्त्व दुसरीकडेही आहे: ई-वे बिलाचं अंतर पिनकोडवरूनच काढलं जातं, आणि त्या अंतरावर बिलाची मुदत ठरते, साधारण २०० किलोमीटरला एक दिवस. सगळ्यात चांगलं म्हणजे जिथं माल उतरायचा तिथल्या माणसाकडून व्हॉट्सॲपवर लोकेशन मागवा. ऑफिसचं नको, ट्रक ज्या गेटनं आत जातो त्या गेटचं.

मग एक फोन. त्याच माणसाला विचारायचं, “दहा टायरी येते का? कोणत्या बाजूनं येते?” एवढे दोनच प्रश्न. महाडच्या वेळी हा फोन केला असता तर त्यानं पहिल्या वाक्यात सांगितलं असतं की वरंधनं येऊ नका.

मग घाट. सह्याद्री ओलांडायचा असेल तर त्या घाटाचं नाव आणि ‘अवजड वाहतूक’ एवढं टाकून ताज्या बातम्या बघा. जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश तिथं सापडतात, आणि पर्यायी रस्ताही दिलेला असतो. वरंध बंद असला की पुण्याच्या बाजूला ताम्हिणी-माणगाव, आणि कोल्हापूरच्या बाजूला कराड-पाटण-चिपळूण, असे पर्याय देतात. राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली तर १०३३ ही हेल्पलाइन चोवीस तास असते.

मग रस्ता बांधून ठेवायचा. ही ट्रिक बऱ्याच जणांना माहीत नाही. मॅपमध्ये नुसतं महाड टाकलं तर ते त्याच्या मनानं नेईल. पण मधे थांबे टाका: कराड, मग पाटण, मग चिपळूण, मग महाड. आता त्याला तुमच्याच रस्त्यानं जावं लागतं. ती लिंक त्या दुसऱ्या फोनवर उघडून ठेवा. आणि वरचं चिन्ह कारचं आहे ना बघा. घरातल्या पोरानं बाइकवर ठेवलेलं असेल तर दहा टायरी बोळात जाईल.

शेवटी उंची. माल भरल्यावर, ताडपत्री बांधल्यावर, जमिनीपासून वरपर्यंत टेपनं मोजा आणि आकडा केबिनमध्ये खडूनं लिहून ठेवा. रेल्वेच्या भुयारी मार्गापाशी उंचीचा बोर्ड असतो, पण आपली उंचीच माहीत नसेल तर तो बोर्ड वाचून काय करणार?

कायदा आणि खंबाटकी

नेव्हिगेशनसाठी फोन वापरला तर पोलीस पकडतात का? १ ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्पष्ट आहे: गाडी चालवताना हातातलं उपकरण फक्त रस्ता बघण्यासाठी वापरता येतं, तेही चालवण्यावरचं लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीनं. मी म्हणतो, हातात धरूच नका. होल्डरमध्ये ठेवा आणि चालत्या गाडीत बोट लावू नका. पत्ता बदलायचा असेल तर गाडी बाजूला घ्या.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या दारात आहे. साताऱ्याकडून येताना वेळ्याच्या पुढे खंबाटकीचा बोगदा लागतो. बोगद्यात सिग्नल जातो, ठिपका अडकतो. बाहेर आलं की फोन शुद्धीवर येतो आणि बडबडायला लागतो. आणि नेमकं तिथंच उतार आणि ते एस आकाराचं वळण. तिथं किती अपघात झालेत हे आपल्याला वेगळं सांगायला नको, नवे जुळे बोगदे काढायचं एक कारण तेच वळण आहे. मामांचा नियम सोपा आहे: “बोगद्यातनं भाईर आलो की फोन मेला असं समजायचं. वळण संपलं की मग जित्ता.”

तुमच्यासाठी एक काम

मघाशी म्हणालो की ओपनस्ट्रीटमॅपमध्ये उंचीची माहिती लोकच भरतात. तर लोक म्हणजे कोण? आपणच. तुमच्या गावाजवळ रेल्वेचा भुयारी मार्ग असेल, कमान असेल, वजनाचा बोर्ड असलेला जुना पूल असेल, तर बोर्डाचा फोटो काढा, फुकट खातं उघडा आणि तो आकडा नकाशात भरा. अंदाजानं नाही, बोर्डावर जो आहे तोच. मी लोणंदच्या बाजूनं सुरुवात केली आहे. दहा मिनिटांचं काम आहे, आणि तमिळनाडूहून आलेला एखादा ड्रायव्हर रात्री दोनला त्यामुळे अडकणार नाही.

मामा परत महाडला गेले, दिवाळीनंतर. आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसून थांबे टाकले. मामा म्हणाले, “हे समदं ठीक हाय, पर मी पाटणला च्या प्यायला थांबून एकदा इचारणारच.” मी म्हटलं, विचारा मामा. टपरीवाल्याला जे माहीत असतं ते या फोनला अजून शिकायचंय.

पहाटे पाचला त्यांचा मिसकॉल आला. आमचं ठरलंय, पोचलो की एक मिसकॉल. मग मी झोपलो.

तुमच्या घरात कोणी गाडीवर असेल तर हा भाग त्यांना पाठवू नका. त्यांना वेळ नाही. तुम्हीच ऐका, आणि आज संध्याकाळी त्यांचा फोन मागून घ्या. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.